एका घराची एक पिशवी

रोवण्याचे दिवस होते. पाऊस उशिरा लागला आणि लागला तो थांबेना, त्यामुळे सगळ्यांचेच परे, म्हणजे धानाची रोपं, एकदम रोवायला आले. रामटेकच्या गडाखालच्या धानाच्या साऱ्या बांध्या पाण्यानं भरल्या होत्या आणि रोवणाऱ्या बाया मिळत नव्हत्या. ज्या होत्या त्या सकाळी अंधारात घर सोडत आणि सांजेला कमरेवर हात देत परत येत.

तरी सोमवारी मांडवी फाट्यावर बाजार भरला. महादेवरावाच्या मेडिकलसमोर चिखलाचे पाय आणि ओल्या छत्र्या यांची गर्दी झाली. आजूबाजूच्या गावांना मिळून हेच एक दुकान. महादेवरावाची एक रीत होती. एका घराची एक पिशवी. घरातल्या सगळ्यांची औषधं एकाच पिशवीत घालायची, वर गावाचं आणि घरधन्याचं नाव लिहायचं आणि त्या घरातलं जे माणूस बाजाराला येईल त्याच्या हाती द्यायची. घरचं कोणी आलं नाही तर शेजाऱ्याच्या हाती. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता.

"भाऊ, आमची खैरीची पिशवी झाली का गा? ऑटोवाला बोंबलून राहिला." प्रयागबाई पदरानं तोंड पुसत पुढे आली.

"झाली. तुमची बीपीची, तुमच्या मालकाचं, चंपतरावाचं मलम, सारं आहे."

"आन् माह्या कंबरेचं?"

"टाकलं. पण रोवणा संपेपर्यंत कंबर काही राहत नाही, प्रयागबाई."

"कंबर होती कवा? सासरी आली तईच गेली ते."

मागच्या बाया हसल्या. महादेवरावही हसला. हसता हसता त्यानं कागदात गुंडाळलेली एक छोटी बाटली त्याच पिशवीत सरकवली. कागदावर करिष्मा असं लिहिलं होतं.

करिष्मा ही प्रयागबाईची सून. उन्हाळ्यात एका दुपारी ती दुकानात आली आणि गर्दी सरेपर्यंत खोकल्याच्या औषधाची बाटली हातात धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, ते एड्स होऊ नये म्हणून गोळी असते म्हणतात, ते तुमच्या इथं भेटते का?"

भेटत होती. नागपूरच्या एका संस्थेनं निवडक मेडिकलवाल्यांना बोलावून शिकवलं होतं. बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासायचं, आजार नसेल तर डॉक्टरशी फोनवर बोलणं करून द्यायचं, आणि मग गोळी. रोज एक. शिकवणारी बाई म्हणाली होती, की दवाखान्यातल्या एड्सच्या तपासणीच्या खोलीत पाय टाकायला माणूस लाजतो, पण मेडिकलात तर सगळेच जातात. महादेवरावाला हे पटलं होतं.

करिष्माचा नवरा पिंटू ट्रकवर होता. त्याच्याच गाडीवरच्या दुसऱ्या ड्रायव्हरला ती बीमारी निघाली होती.

"म्या म्हटलं, तुमीबी तपासून घ्या. तं हासले. म्हणे, मले काय धाड भरली?" करिष्मा काउंटरच्या काचेवर नखानं रेघ ओढत होती. "घरी आले का मले नाही म्हणता येत नाही, काका."

तेव्हापासून ती दर महिन्याला बाजाराच्या दिवशी येऊन बाटली घेऊन जायची. घरी तांदळाच्या कोठीत लपवायची. या खेपेला आदल्या दिवशी तिचा फोन आला होता. "रोवण्यातून सुट्टी नाही, काका. पुढच्या सोमवारी येतो."

महादेवराव बरं म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, की तिच्या गोळ्या त्याआधीच संपणार. खंड पडू देऊ नका, खंड पडला की राखण गेली, असं शिकवणाऱ्या बाईनं दहा वेळा बजावलं होतं. म्हणून त्यानं बाटली घरच्या पिशवीत घातली. कागदात आहे, नाव तिचं आहे, कोण उघडून पाहतं? पोरीचं काम केलं, असं त्याला वाटलं. तेवढ्यासाठी तो दिवसभर बऱ्यापैकी खुशीतही होता.

सिंधू असती तर तिनं त्याचा हात धरला असता. सिंधू म्हणजे त्याची बायको. मागच्या श्रावणात गेली. ती काउंटरवर बसायची तेव्हा बायांची औषधं कधीही घरच्या पिशवीत जात नसत. ती आपल्या खुर्चीखालच्या डब्यात ठेवायची आणि जिची तिच्या हातात द्यायची. "कायले डबल काम करतं?" असं महादेवराव म्हणायचा. ती नुसती मान हलवायची. पिशवीची रीत त्याची, डब्याची तिची. ती गेल्यावर डबा रिकामाच राहिला.

*

गुरुवारी दुपारी प्रयागबाई परत आली. बाजार नव्हता, तरी दुकानात चार गिऱ्हाइकं होती. तिच्या पोटऱ्यांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. म्हणजे बांधीतून उठून सरळ आली होती. मुठीत बाटली होती. कागद नव्हता.

"हे कायचं औषध होय, भाऊ?"

महादेवरावाच्या हातातली कात्री थांबली.

"आमच्या पिशवीत होतं. सुनेचं नाव होतं वर. तिले इचारलं तं म्हणते, मले माहीत नाही. मंग शेजारच्या पिंकीनं मोबाइलनं फोटू काढून पाह्यलं." तिचा आवाज बारीक झाला, पण दुकान तेवढंसंच होतं. "पिंकी म्हणते, एड्सचं आहे. खरं आहे का?"

चारही गिऱ्हाइकं त्याच्या तोंडाकडे पाहत होती. एक मांडवीचा शिक्षक होता. एक पिठाच्या गिरणीचा. ही बीमारीची नाही, बीमारी होऊ नये म्हणूनची गोळी आहे, हे महादेवरावाच्या ओठांवर आलं होतं. पण मग पुढचा प्रश्न ठरलेलाच. माह्या सुनेले ते कायले लागते? कोणाची भीती आहे तिले? तो म्हणाला,

"डॉक्टरनं लिहून देलं ते आम्ही देतो, प्रयागबाई. ज्याचं त्याले माहीत."

वाक्यात खोटं काही नव्हतं. कायद्यानंही ते बरोबर होतं. पण बोलून होताच त्याला कळलं, की आपण त्या पोरीला उचलून पाण्यात टाकलं.

प्रयागबाईनं मान डोलावली. जसं काही तिला पाहिजे होतं ते मिळालं. "हाव. ज्याचं त्याले माहीत," ती म्हणाली आणि पायरी उतरली. गिरणीवाल्यानं आपली डोकेदुखीची गोळी घेतली आणि सुट्टे पैसे न घेताच गेला, खबर द्यायची घाई होती म्हणून.

त्या दिवशी महादेवरावानं दुकान लवकर बंद केलं. करिष्माला फोन लावावा म्हटलं तर तो कोणाच्या हाती असेल काय माहीत. लावला नाही. न लावायला तेही एक कारणच मिळालं.

*

शनिवारी त्याच्याच बांधीत रोवणा होता. कालव्यापलीकडे त्याची धानाची थोडी जमीन होती आणि ठेका खैरीच्या बायांना दिला होता. दुकान दुपारपुरतं बंद करून तो चहाची कॅन घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर आला.

बाया ओळीनं वाकल्या होत्या, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, गुडघ्याच्या वर लुगडी. डाव्या हातात परे, उजव्या हातानं चिखलात खुपसायचं आणि एक पाऊल मागे यायचं. ओळीच्या मधोमध प्रयागबाई होती. करिष्मा ओळीत नव्हती. ती बांधीच्या कडेनं पऱ्यांच्या जुड्या वाहून आणत होती. जुडी आणून ती बाईच्या हातात द्यायला जायची, तर बाई मागे न पाहता म्हणायची, "ठेव वं तिथं." मग जुडी पाण्यात पडायची आणि करिष्माचा हात मागे गेला की बाई उचलायची.

महादेवराव पाहत राहिला. त्याच्याच शेतात, त्याच्याच मजुरीवर.

करिष्मा जुड्यांच्या ढिगाशी आली तेव्हा तो पायजमा वर खोचून चिखलात उतरला. ढीग उचलू लागल्यासारखं केलं.

"पोरी, माह्या हातून चुकलं."

तिनं वर पाहिलं नाही. "म्या सोमवारी येतो म्हटलं होतं ना, काका."

"हाव."

"मंग काहून पाठवली?"

 पावसाची भुरभुर चालू होती. तिच्या हातांची कातडी पाण्यानं पांढरी होऊन सुरकुतली होती, बोटांच्या फटी फाटल्या होत्या.

"माहं ताट अलग केलं," ती जुडी बांधता बांधता म्हणाली. "बाज ढोराच्या कोठ्यात टाकली. सासरा बोलत नाही. बुधवारी ते येऊन राहिले. आल्यावर मले माहेरी धाडतात का काय करतात, ते ठरन."

"बाटली?"

"सासूजवळच आहे, त्याईले दाखवाले. म्या येक गोळी मांगू नाही शकत."

"मी सांगतो प्रयागबाईले. खरं काय ते सांगतो."

आता तिनं पाहिलं. "काय सांगान? सून नवऱ्यावर भरोसा ठेवत नाही, म्हून चोरून गोळ्या खाते? ते तं याच्यापेक्षा वाईट. बीमार हाय म्हून कोठ्यात तरी ठेवलं. असं आयकलं तं रस्त्यावर उभी करतीन." तिनं जुडी खांद्यावर घेतली. पाणी तिच्या मानेवरून पाठीत उतरलं. "खरं नोका सांगू, काका. सांगाचं असन तं असं सांगा का टिकलं पाह्यजे."

आणि ती गेली.

*

जेवणाची सुट्टी झाली. बाया धुऱ्यावर पाय सोडून बसल्या, डबे उघडले. भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. करिष्मा दूर बाभळीखाली बसली होती. तिच्या डब्याकडे कोणी पाहत नव्हतं.

महादेवराव कॅनमधून चहा ओतत होता. चहा पेल्याबाहेर सांडत होता.

"भाऊले सवय नाही ना. हे काम सिंधूताईचं होतं," एक म्हातारी म्हणाली. "ते चाय आणे तं मुठीमुठीनं साखर टाके."

"चांगली बाई गेली, माय."

महादेवरावानं कॅन खाली ठेवली.

"प्रयागबाई, ती बाटली कुठं आहे?"

प्रयागबाईचा घास हातात राहिला. "कोणती?"

"परवा दुकानात घेऊन आल्या ते. माही आहे ते. वापस पाह्यजे मले."

"तुमची?"

"हाव. माह्या घरची. चुकीनं तुमच्या पिशवीत गेली. सोमवारी गर्दी होती. करिष्माची रक्तवाढीची गोळी द्याची होती, तिचं नाव लिहून ठेवलं आन् कागद दुसऱ्यालेच गुंडाळला."

"मंग त्या दिवशी काहून नाही सांगितलं?"

"चार माणसं होती," महादेवराव म्हणाला. "लाज वाटली."

हे वाक्य ऐकलं आणि सगळ्यांना बाकीचं पटलं. लाज सगळ्यांना कळत होती. पावसाचे थेंब डब्यांच्या झाकणांवर वाजत होते. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग त्या म्हातारीनं, जिनं साखरेचं सांगितलं होतं, हातातला चहाचा पेला हळूच गवतात ठेवला.

"म्हंजे तुमाले आहे ते?"

त्यानं कॅनचं झाकण लावलं.

"मंग सिंधूताई..." म्हातारी थांबली. "वाळून कशी काडी झाली होती माय ते. नागपूरले नेत होते, काय झालं ते कोणाले सांगत नव्हते."

सिंधूला गर्भपिशवीचा कॅन्सर होता. त्या जागेचं दुखणं आहे, कोणाला सांगू नका, असं तिनं हात जोडून म्हटलं होतं, आणि महादेवरावानं सगळ्यांना पोटात गाठ आहे एवढंच सांगितलं होतं. आता धुऱ्यावरच्या सगळ्या बाया त्याच्याकडे पाहत होत्या. नाही, तिचं काही नव्हतं, ती वेगळ्या बीमारीनं गेली, एवढं म्हणायला एक श्वास पुरला असता. पण मग लगेच दुसरी बाई म्हणाली असती, नवऱ्याला आहे आणि बायकोला नाही, असं कसं? आणि मग दोरा ओढता ओढता सगळंच उसवलं असतं. बाभळीखाली करिष्मा भाकर हातात धरून बसली होती, चावत नव्हती.

महादेवरावानं मान खाली घातली. म्हातारीनं तो होकारच धरला.

"बाप्पा बाप्पा," कोणीतरी म्हणालं.

 मग प्रयागबाईनं आपल्या डब्यातल्या भाजीचा अर्धा वाटा झाकणावर काढला आणि बाभळीकडे तोंड करून ओरडली, "तिथं काय बसली वं एकटी? इकडे ये. भाजी घे." आवाजात राग होता, पण तो आता सुनेवरचा नव्हता.

दुपारी करिष्मा ओळीत लागली. तिच्या दोन्ही बाजूंना बाया वाकल्या होत्या, खांद्याला खांदा लागत होता. कोणीतरी गाणं धरलं. महादेवराव कॅन उचलायला गेला. चहा कोणीच प्यायला नव्हता. सगळे पेले गवतात तसेच होते, त्यात पाऊस पडत होता.

*

बाटली प्रयागबाईनं दुसऱ्या दिवशी ऑटोवाल्याच्या हाती पाठवली. प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून.

सोमवारी करिष्मा स्वतः आली, सासूची बीपीची गोळी घ्यायचं निमित्त काढून. प्रयागबाई रस्त्यापलीकडे भाजीच्या दुकानाशी उभी राहिली. मेडिकलची पायरी आता ती चढत नव्हती. महादेवरावानं आतल्या खोलीत करिष्माच्या बोटातलं रक्त घेतलं. निकाल चांगला होता. फोनवरच्या डॉक्टरबाईनं सांगितलं, आजपासून परत सुरू करा, पण मध्ये खंड पडला आहे, तेव्हा काही दिवस जपा.

"बुधवारी येतात ते," करिष्मा म्हणाली. "म्या सांगीन, पाळी आहे. आठ दिवस तरी निंगतीन."

तिनं गोळ्या रुमालात बांधून पोलक्यात खोचल्या. जायला निघाली, मग थांबली.

"तुमी सिंधूकाकूचं नाव कायले घातलं त्याच्यात?"

"म्या नाही घातलं. गप्प बसलो फक्त."

"तेच ते," करिष्मा म्हणाली. ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. "काकूनंच मले एकडाव सांगितलं होतं, का बाईनं आपली गोळी आपल्या हातानं घ्यावी, कोणाच्या हातून मांगवू नोको. साधी पाळी लांबवाची गोळी होती ते. मले आठवून राहिलं."

ती रस्ता ओलांडून गेली. महादेवराव काउंटरमागे उभा राहिला. त्यानंतर तास दीड तास एकही गिऱ्हाईक आलं नाही. लोक आता रामटेकला जाऊन औषधं आणू लागले होते.

*

श्रावणात सिंधूचं वर्षश्राद्ध आलं. त्याच्या चार दिवस आधी सिंधूची बहीण शामला नागपूरच्या हुडकेश्वरहून आली. चपला काढल्या, पण बसली नाही.

"भाऊजी, हे मी काय ऐकून राहिले?"

"काय?"

"माझ्या नणंदेच्या घरी एक बाई आली होती, इकडच्या गावची. ती म्हणाली, तुमची बहीण एड्सनं गेली म्हणे. मी तिच्या अंगावर धावून गेली. तर म्हणते, तिचा नवराच बोलला चारचौघांत." शामला एक पाऊल पुढे आली. "तुम्ही बोललात?"

"मी नाही म्हटलं नाही."

"काहून? दवाखान्यात मी होती तिच्याजवळ. तिचं हगणंमुतणं मी काढलं. काय झालं होतं ते मला माहीत नाही का?"

महादेवराव उभाच होता. करिष्माचं एक नाव घेतलं असतं तर शामला कदाचित समजली असती. पण शामला नणंदेला सांगितल्याशिवाय राहिली नसती, आणि नणंदेकडे ती इकडच्या गावची बाई येत होती.

"सांगता येत नाही, शामला."

"तिला आता बोलता येत नाही, म्हणून तिच्यावर ढकललं का?"

 शामलानं चपला घातल्या. "मी वर्षश्राद्धाला येत नाही," ती म्हणाली. "माझ्याकडून तिला काय घास द्यायचा तो मी घरी देईन."

वर्षश्राद्धाच्या दिवशी महादेवरावानं गावजेवणाचा आचारी बोलावला होता. वडे, कढी, खीर, कोहळ्याची भाजी. भटजी सकाळी विधी करून गेला, पाणीही न घेता. अंगणात ताडपत्री बांधली, पत्रावळी मांडल्या. मांडवीची आणि खैरीची मिळून निम्मी माणसं तरी येतील, असा हिशेब सिंधूच्या तेरवीवरून केला होता. शेजारचा एक म्हातारा आला, त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि कानांनी ऐकू येत नव्हतं. तो जेवला आणि गेला. मग कोणी आलं नाही.

दुपार कलली. खैरीच्या बाया निंदणाहून परतत होत्या. त्यांचा ऑटो अंगणासमोरच्या रस्त्यावरून गेला. एकीवर एक बसल्या होत्या, बाहेर विळे आणि डबे लोंबत होते. करिष्मा मधोमध होती, एका बाईचा हात तिच्या मांडीवर, दुसरीचं डोकं तिच्या खांद्यावर. ताडपत्री दिसली तशी सगळ्यांनी तोंडावर पदर घेतला आणि मान दुसरीकडे केली. करिष्मानंही घेतला. तिनं घ्यायलाच पाहिजे होता. ती एकटीच इकडे पाहत राहिली असती तर त्या खोट्याचं काही उरलं नसतं.

ऑटो वळणाआड गेला. महादेवरावाला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून त्याला स्वतःची शिसारी आली.

"मालक," आचारी म्हणाला, "एवढ्या अन्नाचं काय करू? गाईले घालू का?"

"वाढ," महादेवराव म्हणाला आणि पहिल्या पत्रावळीवर मांडी घालून बसला.

आचाऱ्यानं वाढलं. त्यानं सगळं खाल्लं, मान वर न करता. पत्रावळ रिकामी झाली तशी तो सरकून दुसऱ्या पत्रावळीवर बसला.

"वाढ."

आचाऱ्यानं परत वाढलं. वडे गार झाले होते, कढीवर साय धरली होती. महादेवरावाच्या कपाळावर घाम आला, तो डोळ्यांत उतरला. त्यानं तो पुसला नाही. तिसऱ्या पत्रावळीवर बसताना त्याला एका हाताचा टेकू घ्यावा लागला.

"मालक, बस झालं. पोट फुटन."

"तिच्या नावानं मांडल्या आहेत," महादेवराव म्हणाला. "वाढ."